दोन कडव्यांमधली जागा

ऊसतोड सुरू झाली की आमच्या घरापुढचा रस्ता गायला लागतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सकाळी आठपासून कारखान्याकडे निघतात, आणि एकाही ट्रॅक्टरवर स्पीकर नाही असं होत नाही. एकाचं देवाचं गाणं, दुसऱ्याची लावणी, तिसऱ्याचं काय चाललंय ते त्यालाच ठाऊक. पहिला गेला की खिडक्यांच्या काचा थरथरतात, दुसऱ्याचं गाणं शेजारून जाताना कुठं ऐकू येतंय न येतंय तोवर तिसरा येऊन कान फोडतो. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहते आणि मनातल्या मनात बटणं फिरवते. याचा जरा कमी कर बाबा, त्याचा थोडा वाढव. नवरा आतून ओरडतो, "एक दिवस तू हवालदारासारखी रस्त्यात उभी राहणार बघ."

वाळत घातलेल्या कपड्यांवर पाचटाची काळी राख येऊन पडते. हवेत मळीचा आंबूस वास असतो, सकाळी पाण्यात हात घालवत नाही, आणि दारात उसाचं एखादं कांडं पडलेलं दिसतं. दर वर्षी हे सगळं आलं की माझ्या डोक्यात एक जुना हंगाम सुरू होतो. सहा-सात वर्षं झाली असतील त्याला. यंदा तो जरा जास्तच जोरात सुरू झाला आहे आणि त्याला कारण माझी मीच आहे.

मी शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडलं. सामान म्हणजे काय, एक बरा माईक, एक लॅपटॉप, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना उभ्या करून ठेवलेल्या जुन्या गाद्या. पेठेतली भजनी मंडळं येतात, बालवाडीच्या बाई येतात, कुणी नातवाच्या बारशासाठी पाळणा म्हणून घेतात. यातलं मला सगळ्यात आवडतं ते शेवटचं काम. दहा गाणी दहा दिवशी रेकॉर्ड झालेली असतात. कधी गाणारा माईकच्या जवळ सरकतो, कधी लांब जातो, कधी त्याचा घसा बसलेला असतो. ती सगळी एका मापात आणायची, एकापाठोपाठ एक ऐकताना ऐकणाऱ्याचा हात बटणाकडे जाता कामा नये. एवढ्यासाठी मी दिवसच्या दिवस हेडफोन लावून बसते, आणि मला त्याचा कंटाळा येत नाही.

त्या हिवाळ्यात आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आधी एक, मग महिन्यानं दुसरा. म्हणून तिला मुरगूडहून कोल्हापूरला आणलं. आई आली म्हणजे काकी आलीच. माझे वडील आणि काका दोघेही लवकर गेले, आणि या दोन जावा एकाच घरात, एकाच चुलीवर राहिल्या. आई उंच, धिप्पाड. मळ्यातून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबायचा. भावकीत हळद असो, बारसं असो, नवरी सासरी निघायची असो, गाण्याला आई लागायचीच. काकी बारीक, पदर तोंडाशी धरून बसणारी. आईच्या डाव्या हाताला तिची जागा ठरलेली. निमंत्रण आईला यायचं आणि काकी सोबत जायची, तिला वेगळं बोलवायला हवं असं कुणाच्या मनातही येत नसे. माझ्याही कधी आलं नाही.

डोळ्यांवर काळा चष्मा लावून आई दिवसभर बसून राहायची. टीव्ही बघायचा नाही, निवडटिपण करायचं नाही, वाकायचं नाही. चार दिवसांत ती वैतागली. तिचा जीव रमावा म्हणून मी म्हटलं, तुझी गाणी उतरवून घेऊ या. तिला मागच्या खोलीत नेऊन माईकपुढं बसवलं. तिनं हातानं चाचपून बघितलं.

"ह्या बोंडक्यात गाऊ व्हय?"

"त्याला हात लावू नको आई. आणि काकी, तू जरा बाहेर बस."

"ती हितंच बसंल," आई म्हणाली. "न्हायतर मी गानार न्हाय."

मला वाटलं, सवय. इतकी वर्षं बरोबर राहिलेल्या बायका, एकीला दुसरी लागते. मी काकीसाठी डावीकडे पाट टाकला आणि शाळेतल्या सुरात बजावलं, "आवाज अजिबात करायचा नाही हं." काकीनं मान हलवली.

महिना-दीड महिना आमचं हे चाललं होतं. सकाळची कामं उरकली की आम्ही तिघी त्या खोलीत. हळदीची गाणी, पंचमीची, पाळणे, नवरीच्या पाठवणीची. मधेच ट्रॅक्टर यायचा. त्याची चाहूल सगळ्यांत आधी काकीला लागायची. ती बोट वर करायची, मी थांबायची, आई वैतागून म्हणायची, "आला का मुडदा!" ट्रॅक्टर जाईपर्यंत आम्ही शेंगा खायचो. माझ्या टोपणनावानं, माले, माले करत काकी मला एकेक सोललेला दाणा द्यायची, आणि आईच्या हातात मूठभर ठेवायची. त्या खोलीत गाद्यांचा कोंदट वास यायचा, काकीच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता, आणि मी फार सुखात होते. हे तेव्हा कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तेव्हाही कळत होतं.

चौदा गाणी झाली आणि मी कामाला बसले. पहिल्या झटक्याला मी सगळी गाणी आकड्यांवर सारखी करून टाकली. हळदीचं गाणं जेवढ्या आवाजात, तेवढ्याच आवाजात पाळणा. मोठ्या आनंदानं आईला ऐकवलं. पाळणा लागला आणि आई दचकलीच.

"आगं, एवढ्या मोठ्यानं का वराडाय लागलीया ही? प्वार उठंल की!"

ही म्हणजे ती स्वतःच. काकी पदर तोंडात धरून हसत होती. मी मात्र चरफडले, कारण आई बरोबर होती. आकडा सारखा केला म्हणून कानाला सारखं लागत नाही. पाळण्याला पाळण्याएवढाच आवाज द्यावा लागतो. मी सगळं परत कानानं लावायला बसले.

पण काही गाणी फारच हळू उतरली होती. ती वाढवायला गेले की आईबरोबर खोलीतलं सगळंच वर यायचं, स्वयंपाकघरातला कुकर, आईच्या बांगड्या, पाटाची कुरकुर. आणि दोन कडव्यांच्या मधे, आई श्वास घेते त्या जागेत, एक फुसफुस. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक कडव्याआधी. मी कपाळाला हात लावला. काकी बोलत होती! एवढं बजावून सांगितलं तरी हिला गप्प बसवत नाही. चहा टाकू का विचारत असेल, नाहीतर शेंगा हव्यात का. काय बोलते ते ऐकण्याची तसदीही मी घेतली नाही. एकेक फुसफुस शोधली, कापली आणि तिच्या जागी स्वच्छ शांतता भरली. ते काम चार दिवस पुरलं. झाल्यावर गाणी अशी नितळ वाजायला लागली की मी स्वतःवरच खूश झाले. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मूळच्या फायली पुसून टाकल्या.

संक्रांतीला मी सगळ्यांना बसवून गाणी ऐकवली. आईचा दुसरा डोळाही उघडला होता. ती मांडीवर ताल धरून स्वतःचंच कौतुक करत होती. "काय गळा हुता माझा, आं?" काकी मान एका बाजूला कलती करून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत जागची हलली नाही. शेवटचं गाणं संपलं तेव्हा तिनं मला विचारलं,

"माले, माझं काईच न्हाय व्हय गं त्यात?"

मी हसत म्हणाले, "काकी, तू गायलीस कुठं?"

मग तीही हसली. "व्हय की. खरंच की." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "च्या टाकतो मी."

एवढंच. त्या दोघीजणी मुरगूडला परत गेल्या, आणि त्या गाण्यांचं भावकीत कौतुक झालं. लोकांच्या फोनमध्ये ती गेली, हळदीत वाजू लागली. प्रत्येक फाईलवर मी आईचं नाव घातलं होतं.

काकी दोन वर्षांपूर्वी गेली. आठवडाभर ताप आला आणि गेली, कुणालाही त्रास न देता, जशी राहिली तशीच. त्यानंतर आई माझ्याकडेच राहायला आली. मागच्या उन्हाळ्यात मलकापूरला लांबच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला सगळ्या बायका आईभोवती जमल्या. "मामी, तुमच्याबिगर हळद हुती व्हय?" आई खुलली. पदर खोवून तिनं सूर लावला. पहिलं कडवं असं खणखणीत म्हटलं की मांडवातले पुरुषही वळून बघू लागले. मग ती थांबली. तिनं डावीकडे बघितलं. डावीकडे नवऱ्या मुलीची मावशी बसली होती, तिला काही कळेना. आईनं परत पहिलंच कडवं म्हटलं. परत थांबली.

"म्होरचं ईना," ती म्हणाली.

बायका हळहळल्या. जावेच्या आठवणीनं गळा दाटला म्हणाल्या. कुणीतरी फोनवर तिचीच गाणी लावली आणि हळद पार पडली. आई खुर्चीवर बसून स्वतःचा आवाज ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. ती चिडली होती.

परत येताना गाडीत मी तिला विचारलं, "आई, गाणी विसरलीस?"

"इसरायला यायला तर पायजेत आधी."

"म्हणजे?"

"शालन सांगायची." शालन म्हणजे काकी. "गाणी समदी तिच्या म्हायेरची. तिच्या आईनं तिला दिल्याली. माझा निस्ता गळा. पैलं कडवं तेवढं यायचं, म्होरच्या दर कडव्याचं पैलं दोन शबूद ती कानात टाकायची, की मग म्होरलं आपसूक यायचं मला. पैलं काय ते मातुर कधी ध्येनात ऱ्हायलं न्हाय."

"इतकी वर्षं? आणि कुणाला कळलं नाही?"

"लगनात गलका असतुया. कुणाला ऐकू येनार? तिला चारचौघांत गाया लाज वाटायची. मला गानी येत न्हवती. जमलं आमचं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस, रेकॉर्डिंग करताना?"

आई खिडकीबाहेर बघत होती. "तू इचारलंस कुटं? तिला तर गप बस म्हनालीस."

मला माझ्या हातांनी कापलेली एकेक फुसफुस आठवली. चार दिवस मी त्या बाईला कापत बसले होते. तिनं विचारलं होतं मला, माझं काहीच नाही का त्यात, आणि मी तिला हसून उत्तर दिलं होतं. लाज वाटली हा शब्द त्या वेळच्या मनाला पुरत नाही, पण दुसरा माझ्याकडे नाही. घरी आल्या आल्या मी लॅपटॉप उघडला. जुन्या डिस्क, पेन ड्राईव्ह, मेल, सगळं उलटंपालटं केलं. चौदाच्या चौदा गाणी होती, स्वच्छ, नितळ, आणि काकी कुठंच नव्हती. तिचा फोटो आहे, लुगडं आहे, पण तिचा आवाज कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओतही नाही. मी सगळ्यांना विचारून बघितलं. ती कधी मोठ्यानं बोललीच नाही.

पुसलेलं परत मिळतं का म्हणून दोघातिघांना दाखवलं. नाही मिळालं. मग दिवाळीनंतर, ऊसतोड सुरू झाल्यावर, गॅलरीत उभी असताना एक ट्रॅक्टर काचा हलवत गेला आणि मला आठवलं. पाठवणीच्या गाण्याच्या वेळी असाच एक ट्रॅक्टर ऐन चौथ्या कडव्याला आला होता. तेव्हा काकीनं बोट वर केलं नाही, कारण ती शब्द सांगण्याच्या बेतात होती. आई थांबली, गाणं मोडलं. ते गाणं आम्ही दुसऱ्या दिवशी नव्यानं घेतलं होतं. मोडलेलं गाणं मी 'वाया' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं. ते साफ करायच्या लायकीचंही मला वाटलं नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं होतं, आणि शोधतानाही ते उघडून बघायचं सुचलं नव्हतं.

हेडफोन लावून मी ते ऐकलं. आईचं पहिलं कडवं, मग श्वास. मी आवाज पूर्ण वाढवला. कुरकुर, बांगडी, आणि त्यात, अगदी तळाशी, "तुळशीच्या कट्ट्या…" आईनं लगेच उचललं. पुढच्या जागी, "आडाच्या काठी…" मी हेडफोन काढून ठेवला आणि रडले. नवरा धावत आला. त्याला वाटलं परत सगळं पुसलं गेलं.

यंदाचा सगळा हंगाम मी त्या एका मोडक्या गाण्यावर घालवला. आईचं कडवं खाली आण, काकीचे दोन शब्द वर घे. परत खाली, परत वर. इतकी वर्षं जी आवाज सारखे करत आली तिला हे जमू नये! काकीला वर घेतलं की तिच्याबरोबर खोलीची खरखर येते. खरखर काढली की तिचा आवाज पत्र्यासारखा होतो, आणि ती काकी राहत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याआधीचे शब्द मी कसेबसे वर काढले. चौथ्याच्या जागी नुसता ट्रॅक्टर. त्याच्या खाली ती काहीतरी बोलली असणार, आईला ते ऐकू आलं नाही, मलाही आलं नाही. ट्रॅक्टर दाबला की तीही दबते. मी पंधरा दिवस त्या एका जागेशी झुंजले.

हे सगळं आईला सांगितलं नव्हतं. परवा सकाळी ती अंघोळ करून उन्हाला बसली होती. आता तिच्या कानांनीही थोडी माघार घेतली आहे. मी स्पीकर बाहेर आणला, तिच्या पायाशी बसले आणि गाणं लावलं. पहिलं कडवं झालं. मग काकी बोलली, खरखरीत, नको इतकी मोठी. आईनं मान वर केली. तिचा हात डावीकडे गेला आणि खुर्चीच्या रिकाम्या दांडीवर राहिला. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलू लागले. तिसऱ्याला ती गायला लागली, जुन्या आवाजाच्या जोडीनं आताचा फाटका आवाज.

मग ट्रॅक्टर आला. स्पीकरमधली आई थांबली आणि खुर्चीतलीही थांबली. ट्रॅक्टर येतो, जातो, आणि पुढं काहीच नाही. रेकॉर्डिंग तिथंच संपतं. आई वाट बघत होती. तिला बघून मलाच राहवेना.

"वळणाच्या वाटं," मी मोठ्यानं म्हणाले. ते कडवं मला पाठ होतं, दुसऱ्या दिवशीच्या गाण्यात शंभरदा ऐकलेलं.

आईनं उचललं नाही. तिनं वैतागून माझ्याकडे बघितलं.

"वराडतीस काय अशी? जगाला सांगायचं हाय का? मला ऐकू ईल एवढंच बोल."

मी उठले. स्पीकर बंद केला. खुर्चीच्या डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि श्वासाएवढ्या आवाजात ते दोन शब्द पुन्हा म्हणाले.

आईनं डोळे मिटले आणि गाऊ लागली:

"वळणाच्या वाटं गाडी माझी थांबली,
पाठच्या भणीची हाक मागं लांबली…"

कडवं संपलं. तिनं श्वास घेतला आणि डोळे न उघडता मान माझ्याकडे कलती केली. मी पुढचे दोन शब्द सांगितले.